चिमीचा ताबा

साथ आली आणि बघता बघता शहरातली सगळी हॉटेलं बंद पडली. त्यांच्या चादरी, टॉवेल धुण्यावरच धाकटीची लाँड्री चालायची. मशीनं गप्प झाली, इस्त्रीचं टेबल थंड पडलं, आणि जागेचा मालक मात्र भाड्याच्या करारावर बोट ठेवून बसला. अशात एका इस्पितळानं विचारलं, आमचे कपडे धुवाल का? बाकीच्या लाँड्रीवाल्यांनी भीतीनं नकार दिला होता.

धाकटीचा जीव वरखाली झाला. घरात पाच वर्षांची चिमी. चिमीच्या बापानं घटस्फोटानंतर परदेशी दुसरा संसार थाटलेला, तो असून नसून सारखाच. उद्या आपण आजार घरी आणला तर पोरीचं काय?

धीर दिला तो ताईनं. ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर धाकटीच्या वेण्या घालणारी, घटस्फोटाच्या वेळी तिच्याबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी.

"चालून आलेलं काम सोडू नकोस," ताई म्हणाली. "चिमीला माझ्याकडे ठेव. मला ना मूल ना बाळ, घर नुसतं खायला उठतं."

"कधीपर्यंत पण?"

"साथ सरेपर्यंत. अगं, मी काय परकी आहे?"

धाकटीनं पोरीचे कपडे भरले आणि तिला ताईच्या दारात सोडलं. मग तिनं इस्पितळाचं काम घेतलं. सीलबंद पिशव्या यायच्या, त्या हातमोजे घालून उघडायच्या, आतले कपडे उकळत्या पाण्यात घालायचे. अंगावरचा प्लास्टिकचा झगा काढला की घामानं निथळलेली ती ताईच्या इमारतीखाली जायची. चिमी बाल्कनीतून हात हलवायची. खालून धाकटी नाचून दाखवायची, तोंडं वेडीवाकडी करायची. वर ताई हसायची.

पुढे ताई म्हणाली, "तू गेलीस की पोर हमसून हमसून रडते. जरा कमी येत जा." धाकटीला पटलं. ती कमी गेली. मग फोन केला की चिमी कधी झोपलेली असायची, कधी आंघोळीला गेलेली. तरीही धाकटीच्या मनात पाल चुकचुकली नाही. ताईबद्दल शंका घ्यायची म्हणजे स्वतःच्याच हाताबद्दल घ्यायची.

मग कोर्टाची नोटीस आली. चिमीचा ताबा आपल्याला मिळावा म्हणून अर्ज केला होता ताईनं. बापाची संमतीही जोडली होती.

धाकटीनं तिथल्या तिथे फोन लावला. "ताई, काहीतरी घोटाळा झालाय. कोणीतरी तुझं नाव घातलंय."

"घोटाळा नाही," ताई म्हणाली. "इथे पोर रुळलीये. तिच्या भल्याचं बघ."

"माझी पोर आहे ती."

"मग वकिलामार्फत बोल," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

कोर्टं बंद होती, सुनावणी फोनवर व्हायची. धाकटीनं फोन इस्त्रीच्या टेबलावर डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर चार चौकटी: न्यायाधीश, तिची वकीलबाई, समोरचे वकील आणि ताई. ताईच्या मागे भिंतीवर चिमीची चित्रं चिकटवलेली होती.

समोरचे वकील म्हणाले, "ही बाई रोज रोग्यांचे कपडे हाताळते. अशा घरात मूल?"

धाकटीला राहवलं नाही. "हे काम घे म्हणून तिनंच सांगितलं मला. विचारा तिला."

न्यायाधीशांनी विचारलं. ताई पदराशी चाळा करत म्हणाली, "मला तसं काही आठवत नाही."

मग त्या वकिलांनी एक आवाज ऐकवला. धाकटीचाच होता. कधीतरी काम संपल्यावर, पाय सुजलेले असताना, तिनं ताईला पाठवलेला निरोप. "ताई, माझ्याच्यानं आता होत नाही गं. असं वाटतं, चिमी तुझ्याच पोटी जन्मली असती तर सुखात राहिली असती. तूच ठेवून घे तिला."

त्याच दिवशी ताईनं उलट कळवलं होतं, "रडू नकोस सोन्या, मी आहे ना." ते कोणी ऐकवलं नाही. धाकटीच्या फोनची जागा भरली म्हणून तिनं जुने निरोप कधीच पुसून टाकले होते.

"हा तुमचा आवाज?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझाच," धाकटी म्हणाली. "पण मी बहिणीशी बोलत होते, साहेब. कोर्टाशी नाही."

तूर्त मूल आहे तिथेच राहील, असा हुकूम झाला. ताईची चौकट सगळ्यात आधी बंद झाली. धाकटी तिथेच खाली, ओल्या फरशीवर बसली. पोर गेली याचं रडू आलंच, पण त्याहून खोल काहीतरी तुटलं होतं. आता ताईच गेली, तर हे सांगायचं कुणाला?

वकीलबाई चिवट निघाली. इस्पितळातल्या प्रमुख परिचारिकेनं साक्ष दिली, की या लाँड्रीत कपडे नियमानं धुतले जातात आणि इतक्या दिवसांत तिथलं कोणीही आजारी पडलेलं नाही. हॉटेलं उघडायला लागली तेव्हा निकाल लागला. दमलेल्या आईनं बहिणीपाशी मन मोकळं केलं म्हणून ती मुलावरचा हक्क सोडत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. चिमी आईकडे परत.

धाकटी तिला आणायला गेली तेव्हा चिमी ताईच्या गळ्याला मिठी मारून बसली होती, सोडेना. ताईनं स्वतःच तिची बोटं एकेक करून सोडवली.

"तू दिलीस, मी घेतली," ताई खाली बघत म्हणाली. "रोज 'माझी माझी' म्हणत झोपवायचे, मग खरंच माझी वाटायला लागली."

"मागितलं असतंस तर अर्धी दिली असती," धाकटी म्हणाली. "तू माझं रडणं विकलंस, ताई."

ताईनं चिमीच्या कपड्यांची पिशवी आणून दारात ठेवली.

चिमी वाटभर रडत आली. घरी आल्यावर आईनं कालवलेला भात तिनं खाल्ला नाही. मावशी वेगळा कालवते म्हणाली. धाकटीनं विचारलं, "कसा गं?" आणि चिमीनं हुंदके देत देत सांगितलं तसा दुसरा भात कालवला. पोर खाऊ लागली. धाकटी समोर बसून बघत राहिली.