पश्चिमेकडे तोंड केलेलं मैदान

मित्रांनो, मी एक जुनं बेसबॉलचं मैदान आहे, आणि माझं तोंड चुकीच्या दिशेला आहे. डेल ओरो गावच्या लोकांनी महायुद्धाआधी मला मोठ्या हौसेनं बांधलं. फाटक रेल्वे स्टेशनासमोर हवं, एवढाच सगळ्यांचा हट्ट होता. त्या गडबडीत सूर्याला कुणी विचारलंच नाही. पहिल्याच संध्याकाळी मावळतीचं ऊन थेट फलंदाजाच्या डोळ्यांत घुसलं, त्याला चेंडू दिसेना आणि पंचांनी खेळ थांबवला. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज सूर्य डोंगराआड जाईपर्यंत माझ्यावरचा खेळ थांबतो.

शेजारच्या गावांनी माझी यथेच्छ टिंगल केली. माझी माणसं मात्र त्या वेळात शेंगा फोडत, गप्पा मारत पश्चिमेकडे बघत बसायची. थोरल्या संघांची स्वप्नं बघणारे कितीतरी खेळाडू माझ्या मातीत घडले. पुढे गर्दी आटली, बाकांच्या फळ्या कुजल्या. शेवटी सामने भरवणाऱ्या लीगने क्लेग नावाचे साहेब पाठवले. मला ठेवायचं की पाडायचं, हे ते ठरवणार होते.

त्या संध्याकाळी आमचा ड्वेन टॅकेट गोलंदाजी करत होता. वय उताराला लागलेलं, पण सामना निम्म्याहून पुढे गेला तरी त्याने समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नव्हता; बेसबॉलमध्ये हे फार क्वचित घडतं. असं काही चाललं असताना त्याबद्दल ब्रही काढायचा नाही, हा आमचा दंडक. नाव घेतलं की दृष्ट लागते. नेमका तेव्हाच सूर्यासाठी खेळ थांबला. ड्वेन एकटा बाकाच्या टोकाला बसला, सोबती लांब सरकले. सगळं आभाळ तांबडंलाल झालं आणि अख्खं गाव चिडीचूप. शेंग फोडल्याचाही आवाज येईना. इतक्या वर्षांत मी एवढी मोठी शांतता ऐकली नव्हती. मी थक्क होऊन गेलो.

क्लेगसाहेबांनी शेजारी बसलेल्या ओफेलियाबाईंना विचारलं, "एवढं सामसूम का? अजून एकही फटका बसला नाही म्हणून?"

ओफेलियाबाई शाळेची बस चालवायच्या. त्या दातओठ खात पुटपुटल्या, "साहेब, तोंडात शेंगा कोंबा."

सूर्य बुडाला, दिवे लागले आणि ड्वेनच्या पहिल्याच चेंडूवर खणखणीत फटका बसला. ड्वेन टोपी काढून स्वतःशीच हसला. सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहिलं. टाळ्यांनी माझा सांगाडा थरथरला.

साहेबही उभे होते, चेहरा पडलेला. "बाई, माझ्यामुळे गेलं का हो?"

"मग काय माझ्यामुळे? एवढं घालवलंत, आता निदान हे मैदान तरी पाडू नका."

साहेबांनी डोंगराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "उद्या खेळ किती वाजता थांबेल?"

मित्रांनो, मी अजून उभा आहे. फळ्या नव्या ठोकल्या आहेत, तोंड मात्र तिकडेच आहे. तुमच्या गावातही एखादी जुनी, चुकून वाकडी बांधलेली जागा असेल. तिला पाडण्याआधी एक संध्याकाळ तिच्यात गप्प बसून बघा.