एकहाती पोळपाट

अर्धांगवायूच्या झटक्यात सरिताबाईंचा डावा हात गेला, तेव्हा श्रीरंगने आपल्या आईला साताऱ्याहून उचलून जर्मनीत कोलोनला आणलं. बाईंचा इथे एकच हट्ट, पोळ्या मीच लाटणार. पण एका हाताने लाटायला गेलं की पोळपाट पळायचा. बाई चिडायच्या, रडायच्या आणि दुसऱ्याने केलेली पोळी ताटात पडली की उपाशी उठायच्या.

सून मैथिली युनिव्हर्सिटीत डिझाइनमध्ये पीएचडी करत होती. जगाचे प्रश्न सोडवायचे आणि घरात सासू उपाशी, याची तिला लाज वाटू लागली. तिने कागदावर पोळपाट काढला, लॅबमधल्या सिद्धेशने तो थ्रीडी प्रिंटरवर छापला, मोटार कंपनीत असलेल्या श्रीरंगने खाली बेअरिंग बसवलं. सहा वेळा फसला. सातव्या वेळी मात्र पोळपाट ओट्याला घट्ट चिकटला, लाटण्याचं एक टोक खुंटीत अडकलं आणि दुसरं टोक दाबून सरकवलं की पोळी आपसूक फिरू लागली. बाईंनी लाटलेली पहिली पोळी तिघांनी उभ्या उभ्याच संपवली.

पुढे फ्रँकफुर्टकडची एक कंपनी तो बनवायला तयार झाली. अट एकच, पेटंट हवं. ते मिळालं तर बाईंसारख्या हजारो जणींच्या ओट्यावर हा पोळपाट जाणार होता, नाहीतर याच घरात राहणार होता. पेटंटच्या वकिलाने फोनवर विचारलं, "बाहेर कुणाला दाखवलंय?"

"छे, फक्त घरच्यांना," मैथिली म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत!

मे महिन्यात ती सासूबाईंना घेऊन वकिलाच्या ऑफिसात गेली. बाईंनी इरकल नेसली होती. वकील ब्रांट यांच्या गुळगुळीत टेबलावर त्यांनी तीन पोळ्या लाटल्या. ब्रांट टाळ्या वाजवायचेच बाकी होते. तेवढ्यात बाईंनी पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं.

"हे बघा साहेब, पेपरात आलंय!"

मैथिलीने बाईंचा पदर ओढला, पण कात्रण टेबलापलीकडे पोचलं होतं. गेल्या सप्टेंबरात कोलोनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत बाईंनी दोनशे माणसांसमोर पोळ्या लाटल्या होत्या, त्याचा हा फोटो. पोळपाट, खुंटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. आजारपणानंतर बाई चारचौघांत आल्या त्या तेव्हाच. मैथिलीने तर ज्याने मागितलं त्याला पोळपाटाचं ड्रॉइंगही दिलं होतं. गणपतीत कुणाला नाही म्हणायचं? मंडळ म्हणजे बाहेर, हे या क्षणापर्यंत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्यापैकी कुणाच्या आलं असतं?

ब्रांट यांनी चष्मा काढला. लोकांनी आधीच पाहिलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. दाखवल्यापासून सहा महिन्यांच्या आत आला असतात तर निदान लहानसं संरक्षण मिळालं असतं. आठ झाले होते. "लाइडर," ते म्हणाले, म्हणजे दुर्दैवाने. मैथिलीला वाटलं, त्यांनी ओरडावं, म्हणजे निदान भांडता तरी येईल.

परतताना ट्राममध्ये बाईंनी कात्रण घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"मी ते कात्रण बाहेर काढायला नको होतं ना गं?"

"अहो आई, तुमचं काही नाही. चूक माझी आहे."

"मग पदर कशाला ओढलास?"

मैथिलीने पदर पुन्हा नीट त्यांच्या खांद्यावर टाकला. तिला भयंकर रडू येत होतं.

"आता नाही हो कुणाला दाखवणार," बाई म्हणाल्या. "शप्पत."

आता दाखवलं तरी काही बिघडत नाही, उलट सगळ्यांना दाखवा, असं मैथिलीने पुढे दहादा सांगितलं. श्रीरंगनेही सांगितलं. बाई मान डोलवायच्या. मंडळातून बोलावणं आलं की गुडघा दुखतो म्हणायच्या. आणि घरात पोळ्या करायची वेळ झाली की आत जाऊन उजव्या हाताने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.