माझ्यातलं जेवण त्यानं सोडलं

मी डबा बोलतोय. स्टीलचा, तीन खणांचा, बाजूच्या कड्या दाबून बंद होणारा जेवणाचा डबा. गोड बोलायला मला जमत नाही, आधीच सांगतो. कारखान्यात लोखंडी साच्याखाली मार खाऊन जन्माला आलोय, तर बोलणंही तसलंच.

एका बाईनं मला दुकानात टिचक्या मारून, दहादा उघडझाप करून, दुकानदाराचं डोकं खाऊन घेतलं. तिचा नवरा, म्हणजे माझा मालक, लाकूड कापायच्या गिरणीत करवतीवर कामाला. एकवीस वर्षं मी त्याच्या सायकलला लटकून गिरणीत गेलो. खालच्या खणात भात, मधल्या खणात डाळ नाहीतर उकडलेले हरभरे, वर पालेभाजी आणि काकडीच्या फोडी. सगळं सकाळी शिजलेलं, सकाळी चिरलेलं. मालक दुपारी मला असा पुसून खायचा की घासायला काही उरायचं नाही.

गिरणीत एक रीत होती. सुट्टी झाली की सगळे फळ्यांवर गोल बसायचे. सगळ्यांचे डबे उघडेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, आणि प्रत्येकानं आपल्यातला एक चमचा शेजाऱ्याच्या झाकणात वाढायचा. आमच्या शेजारी ओंडके सरकवणारा टकल्या बसायचा. तो रोज म्हणायचा, "वहिनींची भाजी मिळते म्हणून शेजारी बसतो. तुझं थोबाड बघून कोण जेवेल?"

मग मालकाला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "भात कमी करा, बाकी घरचंच खा. बाटलीतलं गोड काही नको." बाईनं भात अर्धा केला, भाजी दुप्पट केली. ठीक चाललं होतं की! कुणाचं काय बिघडलं होतं?

तेवढ्यात पोरगा पिशवी घेऊन आला. एकुलता एक. मोबाइल दुरुस्ती केली, कोंबड्या पाळल्या, गाड्या धुतल्या, सगळे धंदे बसले. आता गळ्यात टाय अडकवून एका पावडर कंपनीचा एजंट झाला होता.

"बाबा, जेवणाच्या जागी ही पावडर घ्यायची. वरून हा फळांचा ज्यूस. वजन उतरतं, साखर उतरते. आमचे साहेब म्हणाले, गोळ्यांचीपण गरज नाही."

"अरे, मग डब्याचं काय?" बाईनं विचारलं.

"आई, तुझ्या डब्यानंच तर त्यांना साखर झाली."

माझ्या तोंडावर बोलला! त्याच बाईच्या हातचं गिळून हा घोडा एवढा वाढला. माझ्यात कढत डाळ असती तर उडवली असती त्याच्या टायवर. बाईचं तोंड एवढंसं झालं. मालकानं पोराकडं बघितलं. पोरगा घाईघाईनं पिशवी फोडून पुड्या मांडत होता. बाप त्याचं पहिलं गिऱ्हाईक होता.

"आण इकडं," मालक म्हणाला.

झालं. गोळ्या फळीवर गेल्या. मला गिरणीत नेलं, पण पोटात पावडरीच्या पुड्या, शेजारी ज्यूसची बाटली. सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडले. मालकानं पुडी पाण्यात घोळवली. शेजाऱ्याला वाढायला चमचाभर काही नव्हतं.

"हे काय रे? दात पडले का तुझे?" टकल्या म्हणाला.

"कोर्स आहे. मध्ये दुसरं खाल्लं तर मोडतो."

"चौथीत तीनदा बसलास, आता कोर्स करतोय! धर, माझी भाजी घे."

मालकानं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून तो भुशाच्या ढिगामागं एकटा बसायला लागला.

दोन महिन्यांत वजन झरझर उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. पोरगा नाचला. बापाला भिंतीला उभा करून फोटो काढला, जुन्या जाड्या फोटोशेजारी लावला आणि चौकात भलामोठा बोर्ड टांगला. लोक यायला लागले. पहिल्यांदा पोराचं काहीतरी चालायला लागलं.

अरे गाढवांनो, ते वजन पावडरीनं नव्हतं उतरलं! गोळ्या बंद, रक्तात साखर उकळतेय, आतून माणूस वितळत होता. घसा कोरडा पडायचा म्हणून ज्यूस प्यायचा. ज्यूस प्यायला की आणखी कोरड. मी बघत होतो. ओरडायला तोंड कुठाय मला?

एक दिवस फळीतला खिळा त्याच्या टाचेत घुसला. साखरेनं पाय बधिर झालेला, त्याला पत्ताच नाही. चार दिवसांनी बाईला जखम सडल्याचा वास आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुडी उलटी करून मागचं बारीक छापलेलं मोठ्यानं वाचलं. "साखर. दुसऱ्याच नंबरला लिहिलीय. आणि या ज्यूसमध्ये फळ नावाला, बाकी साखरपाणी. गोळ्या कुणी बंद केल्या?"

पोरानं तोंड उघडायच्या आत मालक पटकन म्हणाला, "मीच विसरलो, बाई."

पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दुसरा वाचवायचा असेल तर गोळ्या आणि घरचं जेवण. दुसरं काहीही पोटात नको." बाई मला भरून दवाखान्यात न्यायला लागली. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! पोरगा यायचा, बाहेर बाकावर बसून रडायचा. म्हणायचा, लोक विचारतायत, बोर्डावरचा माणूस कुठं गेला म्हणून. मालकानंच त्याला आत बोलावलं. "पुडी आण. गिऱ्हाइकांना सांग, बाबा अजून घेतात, खिळा लागला म्हणून पाय गेला."

"अहो, काय बोलताय?" बाई किंचाळली. "मरायचंय का तुम्हाला?"

"तू गप. पोराचं पहिल्यांदा काहीतरी उभं राहिलंय."

तिनं माझं झाकण उघडून त्याच्यापुढं धरलं. भाजी वाफाळत होती. त्यानं हातानं बाजूला सारलं.

आता घरी आणलाय त्याला. दुसऱ्या पायाचं बोट काळं पडायला लागलंय. पुडी घोळवून पितो, गोळ्या खाल्ल्यासारखं करतो आणि उशीखाली सरकवतो. बाईला माहीत आहे. भांडून भांडून तिचा आवाज बसला.

तुम्हाला एवढंच सांगतो, पुडी उलटी करून वाचा आणि शिजवलेलं खा. ऐकाल असं काही वाटत नाही. त्यानं तरी कुठं ऐकलं? बाई मात्र अजून रोज मला भरते, त्याच्या खाटेशी ठेवते. संध्याकाळी उचलते तेव्हा मी सकाळइतकाच जड असतो.