रेणुकाची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. पाय बाभळीचे, दोरी मात्र नवी, आणि कुणी बसलं की करकरते म्हणून रोज बोलणी खाते. करकरू नको तर काय करू? या वयात तुमचे गुडघे वाजतील तेव्हा विचारीन. वडीगोद्रीपासून शेताकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला रायभानमामांचं घर आहे, तिथं माझा मुक्काम.

मामांच्या बांधावरची एक बाभूळ वठली, तेव्हा सुतारानं तिच्या लाकडातून मला घडवलं. विणलं मात्र मामांनी स्वतः. मेंढरांमागं फिरताना त्यांना अंबाडीची दोरी वळायची सवय, तीच दोरी माझ्या अंगात भरली. मामांच्या बायकोची, म्हणजे सखूबाईंची, तिन्ही बाळंतपणं माझ्यावर झाली. धाकटा सुग्रीव रांगायला लागल्यावर माझ्यावरून दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा सखूबाईंनी त्याला उचललं आणि 'हिनंच पाडलं ना माझ्या सोन्याला' म्हणत मला चापट्या मारल्या. लेकरू हसलं, मी मार खाल्ला. तक्रार नाही माझी.

हाच सुग्रीव मोठा झाला, हायवेला पंक्चरचं दुकान टाकलं आणि रेणुकाशी लग्न करून आला. रेणुका बोलायला कमी, पण घरात आली की घर भरल्यासारखं वाटायचं. सासूला आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामा. वर्षभरात तिला दिवस गेले. मला धुऊन पुसून आतल्या खोलीत आणलं. मी तर हुरळूनच गेले होते.

सातव्या महिन्यात घरी सुग्रीवच्या पुतण्याच्या जावळाचा कार्यक्रम होता. पन्नास माणसांचा स्वयंपाक. त्या दिवशी रेणुका सखूबाईंना हळूच म्हणाली, "आत्याबाई, पोटातलं हलून न्हाई राह्यलं." सखूबाई पुऱ्या तळत होत्या. त्या म्हणाल्या, "असतंच तसं. झोपलं असंल. उद्या हलंल बघ." रेणुका गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही गप्प बसली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

ती परत आली आणि माझ्यावर आडवी झाली. बाळंतिणीला देतात तसा तिला शेक दिला, माझ्याखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी केली. सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त बाळ नव्हतं. ती तोंडात पदर धरून रडायची आणि मी मेली करकरायची, म्हणून तिच्या रडण्याचा पत्ता घराला लागायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

सव्वा महिन्यानं सखूबाईंनी मला उचलून गोठ्यामागं टाकलं. "ही बाज पायगुणाची न्हाई," म्हणाल्या. मंग काय, माझ्यावर मिरच्या वाळल्या, कोंबड्या बसल्या, पावसानं दोरी कुजली. शेळीच्या करडानं एक कोपरा चावून खाल्ला. मला माझा राग येत नव्हता, सखूबाईंचाही नाही. माणसाला दुःख कुठं तरी ठेवावं लागतं, त्यांनी ते माझ्यावर ठेवलं.

दोन वर्षांनी रेणुकाला पुन्हा दिवस गेले. या वेळी सासूसुनेनं ठरवून ही गोष्ट लपवली. कुणाची नजर लागायला नको, पाच महिने होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आशाताईंनाही सांगितलं नाही. शिवकन्याताई आमच्या गावच्या आशा सेविका. त्या घरावरून गेल्या की रेणुका साडीचा घोळ पुढं घेऊन चुलीपाशी बसायची. पण शिवकन्याताईंच्या डोळ्यांतून काय सुटतंय? पाचव्या महिन्यात त्यांनी तिला अंगणात गाठलंच. "माझ्यापासून लपवायलीस? मी काय नजर लावणारी हाये का गं?" म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी अंबडच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

सोनोग्राफीत दोन लेकरं निघाली. घरात आधी आनंद झाला आणि लगेच सगळ्यांची तोंडं उतरली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की जुळं आहे, आधीचं एक गेलेलं आहे, अंगात रक्त कमी आहे, पिशवीचं तोंडही आखूड आहे. टाका घालावा लागेल, दर पंधरा दिवसांनी दाखवावं लागेल आणि वाकणं, उचलणं बिलकुल बंद. कार्डावर जोखमीचा लाल शिक्का बसला. रेणुकानं ते कार्ड उशीखाली ठेवलं.

सुग्रीवनं जुन्या जालन्यातून फोमची गादी असलेला लोखंडी पलंग आणला. उंच इतका, की चढायला पाय टेकवायला डबा लागायचा. दोन दिवसांनी रेणुका म्हणाली, "आत्याबाई, मला ती गोठ्यामागची बाज पायजे."

सखूबाईंचा चेहरा बदलला. "ती अपशकुनी बाज? घरात न्हाई यायची ती."

"बाजेनं काय केलं आत्याबाई? तिनं तर मला धरून ठेवलं."

मित्रांनो, कोंबडीच्या विष्ठेनं माखलेली मी गोठ्यामागं पडून हे ऐकत होते. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला मला जीभ नाही. मामांनी मला हौदावर नेऊन घासलं, अंबडच्या बाजारातून नवी दोरी आणली आणि दोन दिवस बसून मला विणलं. शेजारची बेबीनंदा डोकावून म्हणाली, "चार महिने पडून राहायचं? आम्ही तर नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला बाई." तेव्हा मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "जुळ्याची मेंढी आम्ही कळपामागं पळवत न्हाई. मागं ठेवतो, हातानं चारतो. तिला कुणी आळशी म्हणत न्हाई." बेबीनंदा गेली. मामांनी पायथ्याची दोरी अशी करकचून ओढली की माझी चारही हाडं जागेवर आली.

मग माझी चाकरी सुरू झाली. एका जीवाचं वजन तीन जीवांचं झालं. रेणुकाच्या पायांना सूज यायला लागली, तेव्हा शिवकन्याताई म्हणाल्या की पायाकडची बाजू उंच करा. सुग्रीवनं मला ओढून-फिरवून पायथ्याला दोन-दोन विटा लावल्या आणि दुकानावर गेला. सखूबाई शेतातून आल्या, पाहतात तर सुनेचे पाय दक्षिणेला. "दक्षिणेला पाय करून कुणाला निजवतात, अक्कल हाये का न्हाई या पोराला?" म्हणत त्यांनी उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली आणि रेणुकाला फिरवून निजवलं. दिशा बराबर झाली. विटा मात्र जिथल्या तिथं, म्हणजे आता डोकं वर आणि पाय खाली.

चार दिवस मी करकरून करकरून सांगितलं. माझं कोण ऐकतंय? रेणुकाला वाटलं, असंच असतं. चौथ्या दिवशी शिवकन्याताई बीपीचं मशीन घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "सखूबाई, विटा उशाला कशा आल्या ओ?" सखूबाईंनी मोठ्या ठसक्यात दक्षिण दिशेचं कारण सांगितलं. शिवकन्याताईंनी कपाळाला हात लावला. आणि रेणुका हसली. दिवस गेल्यापासून पहिल्यांदा ती पोट धरून हसली, तिचं हसू माझ्या दोरीदोरीत उतरलं.

विटा दुसऱ्या टोकाला गेल्या. बीपी जरा चढलेलं होतं, अंबडहून गोळ्या सुरू झाल्या. शिवकन्याताई गेल्यावर सखूबाई माझ्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "रेणुका, त्या टायमाला तू मला सांगायला आल्ती. मी पुऱ्या तळत होते."

"जाऊ द्या आत्याबाई."

"कसं जाऊ देऊ? मी म्हणलं, असतंच तसं. अडीच वर्षं झाली, पुरी तळायला घेतली की मला तेच ऐकू येतं. आता तुला काय बी वाटलं, बारीकसं वाटलं, तरी मला हाका मार. मी न्हाई म्हणणार असतंच तसं."

रेणुकानं सासूचा हात धरला. दोघींचं रडणं मी सहन केलं, करकरले नाही. त्या दिवसापासून सखूबाई जेवण घेऊन आल्या की माझ्याच कडेवर बसायच्या. जेवण झालं की लेकरांचं हलणं मोजायचं, असं शिवकन्याताईंनी शिकवलं होतं. दोन वाट्या, एक डावीकडच्या लेकराची, एक उजवीकडच्या. हललं की त्या वाटीत चिंचोका टाकायचा. उजवीकडचं भारी दांडगं, त्याच्या लाथा मलाही लागायच्या. डावीकडचं शहाणं, अधूनमधून ढोसकायचं.

आठव्या महिन्यात एका दुपारी उजवी वाटी भरली आणि डावीत एकच चिंचोका पडला. मामा कापसात होते, सुग्रीव दुकानावर. लेकरू हलावं म्हणून रेणुका गूळ खाऊन डाव्या कुशीवर झाली. वाट पाहिली. वाटीत काही पडेना. तिची मूठ माझ्या दोरीवर आवळत गेली, इतकी की मला वळ उठले. मला ती मूठ ओळखीची होती. मागच्या वेळीही तिनं अशीच धरली होती आणि दोन दिवस सोडली नव्हती. मी मनात म्हणाले, बोल बाई, या वेळी बोल.

"आत्याबाई," तिनं हाक मारली, "डावीकडचं हलून न्हाई राह्यलं."

सखूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली, पिठाच्या हातानंच त्यांनी सुग्रीवला फोन लावला. "जल्दी ये. गाडी घेऊन ये. न्हाई, बघू-बिघू न्हाई, आत्ता ये." अर्ध्या तासात तिघं जालन्याच्या वाटेला लागली. माझ्यावर पिठाचे पंजे उमटले होते. करपलेली भाकरी संध्याकाळी मामांनी येऊन उतरवली.

त्यानंतर मी रिकामी होते. मामा माझ्यावर बसून फोन कानाला लावायचे, म्हणून मला सगळं कळलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. दोन्ही लेकी. डावीकडचीला पोटात पोषण कमी पडत होतं, पावणेदोन किलोसुद्धा भरली नाही. वेळेवर आणलं, असं डॉक्टरांनी म्हटलं. दोघी सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होत्या. पुढं डॉक्टरांनी बारकीला छातीशी उघड्या अंगाला धरून ठेवायला सांगितलं. रेणुका थकली की सखूबाई पातळाच्या आत नातीला बांधून बसायच्या. मामा फोनवर म्हणाले, "थंडीत कोकरू मी घोंगडीत असंच घ्यायचो." आणि फोन ठेवून माझ्यावर बसून एकटेच रडले.

आता त्या घरी आहेत. माझ्यावर आडव्या निजवतात दोघींना, आणि दोघी मिळून मला दिवसातून सात वेळा ओली करतात. परवा बायका बघायला आल्या होत्या. बेबीनंदा कुंच्या घेऊन आली, दोघींना घालून पाहिल्या आणि रेणुकाला म्हणाली, "पहिल्याच बाळंतपणात दोन-दोन. नशीबवान हायेस."

रेणुका खाली बघत राहिली. सखूबाई माझ्या कडेवर बसल्या होत्या, बारकीला मांडीवर घेऊन. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहिलं न्हाई. दुसरं हाये. पहिल्या टायमाला आमचा नातू गेला."

तीन वर्षांत त्या घरात 'नातू' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. रेणुका पदर तोंडात न घेता, सगळ्यांसमोर मोकळी रडली, आणि कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. बेबीनंदा उठली आणि तिच्या शेजारी माझ्यावर येऊन बसली.

मित्रांनो, मी लाकूड आणि दोरी, मला फार कळत नाही. पण तुमच्या आईला, काकूला, ताईला असं महिनोन्महिने पडून राहावं लागलं, तर तिला आळशी म्हणू नका आणि तिचं बोलणं उद्यावर टाकू नका. तिचं एखादं लेकरू गेलं असेल, तर ते नव्हतंच असं वागू नका. काय बोलावं सुचलं नाही तर नुसतं जाऊन बसा. बाज कितीही अरुंद असली तरी कडेला एका माणसापुरती जागा असते.