तीन मीटर नळी

गॅरेजमधल्या फ्रिजात बिअरची स्टीलची पिंपं दोन, एक भरलेलं आणि एक रिकामं. गॅसची टाकी एक, तिच्यावर रेग्युलेटर एक. दारावर तोट्या दोन. बाहेर बाकावर फेसाने काठोकाठ भरलेले ग्लास चार. ब्रॉनविनने सवयीने आधी सगळं मोजून घेतलं. गेल्या वर्षी ती हे घर सोडून गेली तेव्हाची मांडणी लॉकलनने तशीच ठेवली होती. तिला बरं वाटलं.

"चार ओतले, चारही वेळा दाढीचा फेस," लॉकलन म्हणाला.

"मग दाढी तरी उरकून घ्यायचीस. केवढी वाढलीय!"

तो हसला. गालात खळी पडून, पूर्वीसारखाच.

काल त्याचा फोन आला होता. त्याच्या वडिलांची उद्या सत्तरी, अंगणात तीस माणसं जेवायला, आणि पिंपातून बिअरच येत नाही. "तूच ये ब्रॉन, तुझ्याशिवाय हे धूड कुणाचं ऐकत नाही." एवढ्यावर ती जिलाँगहून बॅलरॅटला निघाली होती. त्यांचं भांडण असं झालंच नव्हतं. तिसऱ्यांदा मूल पोटातच गेलं, त्यानंतर दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. ती थोडे दिवस म्हणून बहिणीकडे गेली, ती गेलीच. आज गाडीत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, त्याने एकदा जरी "राहा" म्हटलं तर राहायचं.

"दाबाचा काटा दीडशेवर कुणी नेला?" रेग्युलेटरकडे बघत तिने विचारलं. "मी ऐंशीवर ठेवला होता."

"मीच. बिअर पाणचट लागत होती. म्हटलं, गॅस कमी पडतोय."

"अरे बाबा, गॅस फेसातून उडून गेला, म्हणून खाली राहिली ती पाणचट. त्यात तू वरून आणखी गॅस कोंबलास! कधी?"

"आज सकाळी."

"मग वाचलास. मुरायला दिवस लागतात त्याला."

तिने टाकी बंद केली, पिंपाच्या झाकणावरची कडी ओढून आतला जोर फुस्सकन सोडून दिला आणि टाकी पुन्हा उघडून काटा ऐंशीवर लावला. फ्रिजात पाण्याच्या पेल्यात तापमापी बुडवून ठेवली. तीन अंश. हेही ठीक. मग पाचवा ग्लास धरला. पुन्हा फेसच.

आता उरली नळी. तिने पिंपामागे हात घातला. तिथे नळीचं वेटोळं असायला हवं होतं, ते हाताला लागेचना. नळी पिंपापासून तोटीपर्यंत जवळजवळ सरळ गेली होती. तिने मोजफीत लावली.

"एक मीटर वीस. लॉकी, ही तीन मीटर होती."

लॉकलनने दाढी खाजवली.

"मी काय शोभेला गुंडाळून ठेवली होती? लांब नळीतून बिअर घासत येते, तिचा जोर मरतो. एवढ्याशा नळीतून ती उधळतच बाहेर पडणार."

"मला वाटलं, जास्तीची आहे."

"बाकीची कुठाय?"

तो खिडकीकडे बघत राहिला. म्हणून तिनेही बघितलं.

मागच्या अंगणात नाशपतीच्या आडव्या फांदीला झोका टांगलेला होता. ही फांदी त्या दोघांनी कधीकाळी पसंत करून ठेवली होती, झोक्यासाठीच. पाट बसका होता, जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढा. दोन्ही दोऱ्यांवर, पाटापासून हाताने धरायच्या जागेपर्यंत, पारदर्शक नळी ओवलेली. एकेक तुकडा नव्वद सेंटिमीटरचा असावा. नव्वद आणि नव्वद एकशे ऐंशी. त्यात फ्रिजातले एकशे वीस. हिशेब मनातल्या मनात आपसूक झाला आणि बरोबर जुळला.

"दोरीने हात सोलतात तिचे," लॉकलन हळूच म्हणाला. "पॉपीचे. टिलीची मुलगी. चार वर्षांची आहे."

"दोघी इथेच असतात, तुझ्यासोबत?"

"नोव्हेंबरपासून. मी काल फोनवर सांगणार होतो, ब्रॉन. शप्पत. तू लगेच 'येते' म्हणालीस, मग..."

"केस कसे आहेत तिचे?"

"कुणाचे?"

"पॉपीचे."

"लाल. गाजरासारखे." तो हसला. मग घाईघाईने उठला. "थांब, काढून आणतो ती नळी."

"नको. हात सोलतील."

तिच्या हत्यारांच्या पेटीत नव्या नळीचं गुंडाळं होतं. जिलाँगच्या खोलीत असाच एक फ्रिज लावायचा म्हणून तिने ते घेतलं होतं. फ्रिज काही घेतला नव्हता. तिने तीन मीटर मोजून कापली. टोक मऊ पडावं म्हणून गरम पाण्यात बुडवलं, पण ते तोटीवरून दोनदा निसटलं. तिसऱ्या खेपेला चढलं. वेटोळं करून तिने ते पिंपावर ठेवलं.

"उद्या येशील ना? बाबा सारखे विचारतात तुला."

"ग्लास तिरका धर. तोटी एकदम पूर्ण उघड, अर्धवट नाही."

त्याने ओतलं. सोनेरी बिअर काचेच्या कडेने संथ खाली उतरली आणि वर फेसाचा पांढरा थर जमला.

"आली!" तो पोरासारखा ओरडला. ग्लास तिच्यापुढे धरत म्हणाला, "पहिला तुझा. घे."

"गाडी चालवायचीय मला."

त्याने ग्लास तसाच पुढे धरून ठेवला.

"हो," तो म्हणाला. "खरंच की."

तिने त्याच्या हातातून ग्लास घेऊन बाकावर ठेवला आणि पेटीतली स्टीलची मोजपट्टी काचेला टेकवून उभी धरली.

बिअर तेरा सेंटिमीटर. फेस दोन.