शंभराच्या पुढचं वजन

धरणगावात असा काटा नसेल ज्याच्या पोटात झुलालचा हात गेला नाही. किराणावाल्याचा, भंगारवाल्याचा, जिनिंगमधला कापूस मोजायचा, सगळे काटे बिघडले की त्याच्याकडंच यायचे. माणूस पन्नाशीचा, पण अंगात खोड्या दहा पोरांच्या. बायकोच्या, भिकुबाईच्या माहेरचे पाहुणे आले की हा त्यांना दुकानातल्या काट्यावर उभं करायचा आणि मागून बटण दाबून मेव्हण्याला पावणेदोनशे किलोचा करून टाकायचा. बिचारा मेव्हणा पुढचे आठ दिवस अर्ध्या भाकरीवर काढायचा.

पोरगी हेमांगी लहान होती तेव्हा तिच्यासाठी वेगळी खोडी होती. शाळेतून आली की ती दप्तर फेकून काट्यावर चढायची, आपण किती वाढलो ते बघायला. झुलाल पाट्याखाली हळूच पायाचा अंगठा सारून पाटा वर उचलायचा. पोरगी दोन किलो हलकी भरायची, तोंड पाडायची, भिकुबाई तिला दोन घास जास्त कोंबायची आणि झुलाल पोट धरून हसायचा. पुढं पोरीला ते कळलं. मग काट्यावर चढायच्या आधीच ती दम भरायची, "आबा, पाय काढ."

तीच हेमांगी आता जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रॉकेटचं इंजिन बनवत होती. दिवाळीत उडतं तसलं दारू ठासलेलं नाही. एका टाकीत स्पिरिट, दुसऱ्या टाकीत पाण्यासारखा पातळ केलेला गारढोण ऑक्सिजन, दोन्ही एका भांड्यात सोडायचे आणि पेटवायचे. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब ते बघायला येणार होते. इंजिनानं दीडशे किलोचा जोर दाखवला तर इंजिन त्यांच्या कामाचं, आणि हेमांगीला थेट त्यांच्या कारखान्यात नोकरी. कमी भरलं तर साहेब चहा पिऊन परत.

आता जोर मोजायचा म्हणजे इंजिनाला असं बांधायचं की ते ढकलेल मन लावून, पण जाणार कुठंच नाही. त्या खोड्याला टेस्ट स्टँड म्हणतात. हेमांगीनं एक आडवा गाडा काढून आणला होता, रुळावर मागं सरकणारा. झुलालनं तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि सांगितलं की या गाड्याच्या चाकातच निम्मा जोर अडकून बसेल. मग म्हणाला, "तुले गाडा कशाले पाहिजे? तुले तराजू पाहिजे."

नशिराबादजवळ एक बंद पडलेली खडीची खदान होती. तिथं खडकात भोकं पाडून, काँक्रीट भरून त्यांनी लोखंडी खांब उभा केला. खांबावर आडवी दांडी, मधोमध बेअरिंगवर झुलणारी. दांडीच्या एका टोकाला इंजिन, तोंड खाली करून. ते पेटलं की ज्वाळा खाली जाणार, इंजिन वर ढकलणार, आणि दांडीचं दुसरं टोक तेवढ्याच जोरानं खाली पाट्यावर दाबणार. पाट्याखाली वजन ओळखणारा लोखंडी ठोकळा, लोडसेल. तिथून लांब वायर वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागं, आकडा दाखवणाऱ्या डब्यापर्यंत. वेल्डिंगला नशिराबादचा असलम, झुलालचा जुना दोस्त. त्यानं सगळं बघून विचारलं, की भाऊ, एवढा मोठा तंदूर उलटा टांगून रोट्या कुठं लावायच्या.

त्या कामात बापलेकींचे दिवस मजेत गेले. पोरगी काही कच्ची नव्हती. पाइप सरळ इंजिनाला जोडायला ती देईना. म्हणाली, पाइपात दाब भरला की पाइपच ताठतो आणि दांडीला ढकलतो, मग मोजणार कोणाला, इंजिनाला की पाइपाला? म्हणून सगळे पाइप खांबावरून चढवून, दांडी जिथं झुलते तिथूनच पुढं नेले. झुलाल मनातल्या मनात चाट पडला. तोंडानं मात्र म्हणाला, पाइपाला लई लाडावून ठेवलंय.

राहिला होता फक्त डबा. दुकानाच्या फळीवर एक होता. वनाशेठच्या जिनिंगवरून नुकताच काढलेला, धडधाकट. त्या डब्यात एक गंमत होती आणि ती झुलालनंच शेठसाठी घातलेली होती. तपासणीला माणूस येतो तो वीस-वीस किलोची पाच वजनं घेऊन येतो. म्हणून शंभर किलोपर्यंत हा डबा अगदी साधू. शंभराच्या पुढं मात्र दर दहा किलोतले दोन तो गिळून टाकायचा. शेतकऱ्याची कापसाची गाठोडी एकावर एक रचून मोजतात, ती शंभराच्या पुढंच जातात. ही करामत सुचली तेव्हा झुलालला आठवडाभर हसू येत होतं. एवढी सरळ तोंडाची लबाडी त्यानं आधी कधी केली नव्हती.

हे सगळं त्याला डबा फळीवरून काढताना आठवलं. आतली चिप बदलायला एक संध्याकाळ गेली असती. पण त्यानं डबा फुंकर मारून पुसला आणि तसाच पिशवीत टाकला. कारण साधं होतं. चहाचं पातेलं असावं एवढं ते भांडं. ते शंभराच्या वर कुठून जायला बसलंय? पन्नास-साठ भरेल, फुस्स होईल, पोरगी दोन दिवस रडेल, मग एखाद्या बऱ्या कॉलेजात मास्तरीण होईल. शंभराच्या आत डबा खराच होता. मग चिप बदलून करायचं काय?

हेमांगीनं काटा तपासला. असलमच्या टेम्पोतून वीस-वीसची पाच वजनं आणली, पाट्यावर एकेक ठेवली. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. डब्यानं एक ग्रॅम इकडचा तिकडं केला नाही. तिनं बापाकडं बघून अंगठा दाखवला, बापानं डोळा मारला.

चाचणीच्या सकाळी खदानीत बरीच गर्दी झाली. पुण्याचे साहेब आले, कॉलेजातले योगेंद्र सर आले, आणि धरणगावहून वनाशेठ आले. लोखंड त्यांच्या जिनिंगच्या भंगारातलं, म्हणून प्रमुख पाहुणे. नारळ त्यांच्या हातून फुटला. सगळे पोत्यांच्या भिंतीमागं आले, हेमांगीनं बटणं दाबली.

आधी नुसतीच फुसफुस झाली. मग खदानच फाटावी असा आवाज झाला. दांडीच्या टोकाखाली निळीपांढरी ज्वाळा हातभर सरळ उभी राहिली, खाली ओतून ठेवलेलं पाणी वाफ होऊन उडालं, आणि दांडीचं दुसरं टोक पाट्यावर असं बसलं की कोणी हत्ती बसवलाय. डब्यावरचा आकडा धावत सुटला. साठ. नव्वद. शंभर. झुलालच्या तोंडावरचं हसू तिथंच थांबलं. आकडा पुढं गेला, पण आता कापसासारखा जड जड चढू लागला, आणि एकशे चव्वेचाळीसवर ठरला. इंजिन बंद होईपर्यंत तिथंच.

झुलालला हिशेब करायला बोटं लागत नाहीत. वरचे चव्वेचाळीस म्हणजे खरे पंचावन्न. एकशे पंचावन्न. पोरगी पास झाली होती, आणि ते सगळ्या खदानीत त्याला एकट्याला माहीत होतं.

एकट्याला नाही. वनाशेठ डब्याकडं बघत होते. डबा त्यांनी ओळखला. कोपऱ्यावर त्यांच्याच जिनिंगचा आकडा अजून पांढऱ्या रंगात होता. त्यांनी मान वळवली आणि झुलालकडं बघून, लग्नात व्याह्याकडं बघावं तसं, गोड हसले.

योगेंद्र सर हेमांगीला विचारत होते, की तुझ्या गणितात तर एकशे छप्पन्न होतं, मग काटा तर चुकत नसेल? साहेबही वळून बघू लागले. हेमांगीचं तोंड धुरानं काळं झालं होतं. ती म्हणाली, "काटा माझ्या वडिलांनी बसवलाय सर. तो नाही चुकणार. माझंच गणित चुकलं."

झुलालला वाटलं, आता बोलावं. एवढंच तर सांगायचं होतं, डबा खोटा शे. पण मग पुढचा प्रश्न आला असता की तुला कसं माहीत. आणि त्याच्या पुढचा, की असे डबे आणखी कुठं कुठं बसवलेत. गर्दीत निम्मे लोक कापूसवाले होते. त्यांची गाठोडी याच डब्यावर चढली होती. वनाशेठ जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "झुलालभाऊ, तुना काटा एकदम बरोबर शे हां." खांद्यावरचा हात जरा जास्तच जड होता.

साहेब माणूस चांगला होता. म्हणाले, टाक्यांत अजून माल आहे ना, जेवणानंतर परत एकदा करून दाखव.

लोक जेवायला सावलीत गेले. हेमांगी पाना घेऊन टाक्यांपाशी बसली. दाब वाढवत होती. झुलाल तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला. इंजिनाचा पत्रा किती दाब सोसेल याचा हिशेब तिनंच केला होता, त्यालाही दहादा ऐकवला होता. जोर एकशे साठ किलोच्या पुढं नेला तर इंजिनाची कूस फाटेल.

"नको वाढवू," तो म्हणाला.

"काबर?"

"आसंच. शे तितलं ऱ्हाऊ दे."

"आबा, बारा किलो वाढवीसन एकशे छप्पन्न व्हई. मनं गणित बारानं चुकेल शे, मंग कूस फाटानी हद्द बी बारानं पुढं सरकेल व्हई." तिनं पाना खाली ठेवला आणि त्याच्याकडं नीट बघितलं. "तुले काही दिसनं का? सांग ना."

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. तिला खरंच त्याचं मत हवं होतं. झुलालच्या जिभेवर ते आलं. सावलीत वनाशेठ पुरीचा तुकडा मोडत त्याच्याकडं बघत होते. झुलाल म्हणाला की दिसलं ना, तुझं तोंड दिसलं, माकडिणीसारखं काळं झालंय, धुवून ये, नाहीतर साहेब इंजिनाऐवजी तुलाच दांडीला टांगतील. हेमांगी हसली नाही. पाना उचलून तिनं चावी आणखी फिरवली.

दुपारचा आवाज सकाळपेक्षा बारीक होता, किंचाळल्यासारखा. डब्यावरचा आकडा एकशे पन्नास ओलांडून गेला. एक्कावन्न, त्रेपन्न, चोपन्न. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. म्हणजे खरे एकशे सदुसष्ट, झुलालनं मनात म्हटलं आणि डोळे मिटले. फाटकन आवाज झाला. डोळे उघडले तर इंजिनाच्या कुशीतून ज्वाळा आडवी निघाली होती आणि वितळलेला पत्रा खडीवर थेंब थेंब गळत होता. हेमांगीनं बटणं दाबून दोन्ही चाव्या बंद केल्या. पोत्यांच्या भिंतीमुळं कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

साहेबांनी जाताना तिला बाजूला घेतलं. इंजिन परत बनवता येईल, ते म्हणाले, पण हवा तो आकडा आणायला जी मुलगी स्वतःची हद्द ओलांडून दाब वाढवते, तिला मी माझ्या माणसांच्या शेजारी उभी करू शकत नाही. हेमांगी मान हलवत राहिली. त्यांचं चुकलं होतं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी असलम गॅस कटर घेऊन खांब कापायला आला. वनाशेठचं लोखंड परत द्यायचं होतं. झुलाल वायर गुंडाळत होता. हेमांगी रात्रभर काहीतरी लिहीत, खोडत बसली होती असं भिकुबाईनं सांगितलं होतं. आता ती टेम्पोतून वजनं उतरवत होती. एकेक वीसचं वजन तिनं पाट्यावर ठेवलं. पाच झाली. डब्यावर शंभर. झुलालच्या हातातली वायर थांबली.

असलमनं कटर पेटवायला काडी ओढली होती, ती तशीच बोटात जळू दिली.

हेमांगीनं चपला काढल्या. पाट्यावर, वजनांच्या मधे, उभी राहिली. गेल्या महिन्यात दुकानातल्या काट्यावर ती पन्नास भरली होती, झुलालनंच मोजली होती, भोपळी झालीस म्हणून चिडवलं होतं.

डब्यावर आलं, एकशे चाळीस.

तिनं आकडा बघितला. पाट्यावर एकदा इकडून तिकडं पाय बदलून बघितले. आकडा हलला नाही. ओरडेल, रडेल, पाना फेकून मारेल असं झुलालला वाटलं, आणि तसं झालं तर बरं, असंही वाटलं.

तिनं मान वर केली. आवाज अगदी सपाट होता.

"आबा, पाय काढ."

झुलालनं खाली बघितलं. त्याचे दोन्ही पाय खडीत होते, तिच्यापासून दहा हात लांब. तरी त्यानं ते मागं घेतले. मग हातातली वायर परत गुंडाळू लागला. हेमांगी पाट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि असलमला म्हणाली, की कापा काका, शेठचं लोखंड शेठला देऊन टाका.