चुन्याची निवळी

निंगव्वाने चमचाभर चुन्याची निवळी हळदीच्या पाण्यात ओतली आणि वर्गातल्या सगळ्या माना वाटीवर वाकल्या.

पाणी पिवळंच राहिलं.

राजाबाईंनी फळ्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं : आम्ल + अल्क = क्षार + पाणी. त्याखाली, अल्क लागलं की हळद लाल होते. मागच्या बाकावर शाळेच्या अध्यक्षांच्या पत्नी शिवबाई बसल्या होत्या. मुलींना स्वयंपाक आणि शिवण सोडून हे शास्त्र कशाला, असा प्रश्न कमिटीत निघाला होता, आणि अध्यक्षांच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक होतं. आजचा तास फसला की शास्त्राचा वर्ग बंद पडणार होता.

"अजून एक चमचा घाल."

निंगव्वाने घातला. हळद ढिम्म.

राजाबाईंचा हात वाटीकडे गेला आणि मागे फिरला. बाकी सगळे प्रयोग त्या स्वतः करून दाखवत, हा तेवढा मुलीच्या हातून करवत होत्या. आमटीत हळद घालणं निराळं, त्याला कुणाची हरकत नसते. पण हळदीत चुना पडून जे लाल होतं त्याला घरोघरी कुंकू म्हणतात, आणि ते कालवायला विधवेचा हात चालत नाही. तेराव्या वर्षी कपाळ मोकळं झाल्यापासून त्यांनी हे पाळलं होतं. भावाच्या घरी राहायचं, तर वहिनीच्या, केराबाईच्या, नजरेखाली पाळावंच लागे.

"बाई, माझं काय चुकलं वो?" निंगव्वा रडकुंडीला आली होती.

राजाबाईंनी वाटी उचलली. पितळेची, लखलखीत. त्यांनी ती नाकाशी नेली.

"वाटी कशानं घासलीस गं?"

"चिंचेनं. पाव्हण्या येनार म्हनून."

"धुतलीस का मग?"

"न्हाय. पानी लागलं की डाग पडत्यात. नुसती पुसली."

राजाबाईंना इतका आनंद झाला की त्यांचं भानच सुटलं.

"अगं, मग हळद लाल होईलच कशी? चिंच आम्ल, चुना अल्क. निवळी चिंचेशी भांडण्यातच संपली, हळदीपर्यंत पोचलीच नाही!"

बोलता बोलता त्यांनी वाटी खळखळून धुतली, पाण्यात हळद घातली, निवळी ओतली आणि सरळ बोटांनी ढवळलं.

वाटीत लालभडक रंग उतरला. "अगं बया!" म्हणून मुली ओरडल्या आणि लगेच गप्पही झाल्या. सगळ्या जणी बाईंच्या बोटांकडे बघत होत्या. राजाबाईंनी हात पदराआड घेतला, पण फार उशीर झाला होता.

शिवबाई उठून पुढे आल्या. त्यांनी वाटीत पाहिलं, मग पदराकडे पाहिलं.

"बाई, लिंबू पिळलं तर हे परत पिवळं होतं व्हय?"

"होतं."

"मग पिळा की. तुमीच पिळा, या पोरीचा हात लई कापतोय."

राजाबाईंनी पदराआडचा हात बाहेर काढला आणि मेजावरचं लिंबू कापून पिळलं. लाल रंग विरून पिवळा झाला.  निघताना शिवबाई दाराशी थांबल्या.

"फुडच्या म्हैन्यात हळद मी घिऊन येते. तुमची लई फिकी हाय."

शाळा सुटल्यावर राजाबाई नळावर गेल्या. बोटं पिवळी होती, म्हणून साबण लावला, तर ती लाल झाली. साबणही अल्कच, हे त्यांनी गेल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्यांनी लिंबाची फोड चोळली. बोटं पुन्हा पिवळी, लग्नघरातल्या पोरीसारखी. जायचं नाव नाही.

केराबाई दारातच उभी असणार.

राजाबाईंनी साबण ठेवला, फोडही ठेवली. हात कोरडे केले आणि ते पदराबाहेर ठेवूनच घराची वाट धरली.